हलकेपणाचा हिशेब

शर्यतीच्या मोटारीकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या आकाराकडे जाते, मग चाकांकडे, मग चालकाच्या शिरस्त्राणाकडे. इंजिनातील जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. नित्याच्या बोलण्यात आपण या सगळ्या सरंजामाला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो. वास्तविक सायलेन्सर हा त्यातील केवळ शेवटचा, आवाज दाबणारा डबा होय. त्याच्या आधी प्रत्येक सिलिंडरापासून निघालेल्या नळ्या असतात, त्या एकत्र येतात ती जागा असते, आणि तेथून मागे जाणारा मोठा नळ असतो. हे भाग कोणत्या धातूचे करावेत, हा प्रश्न वरवर पाहता लोहाराच्या भात्याजवळ सुटावा असा आहे. तथापि या लहानशा प्रश्नात एका धातूचा दीडशे वर्षांचा वनवास, एका परागंदा शास्त्रज्ञाची कहाणी, दोन महासत्तांची चुरस आणि काही माणसांचे प्राणही गुंतलेले आहेत. श्रोतेहो, आज त्या इतिहासातील काही गोष्टी आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत.

हलकेपणाचे महत्त्व आपल्याला नवे नाही. फौजेबरोबर बुणगे वाढले की चाल मंदावते, हे आपल्या इतिहासाने पुरेशा कठोरपणे शिकवले आहे. मोटारीचे शास्त्रही हेच सांगते. गाडी वेगात आणावयाची, वळणावर दाबून धरावयाची आणि ब्रेक लावून थांबवावयाची, या तिन्ही क्रियांत वजन आडवे येते. इंजिनाची ताकद वाढवली तर सरळ रस्त्यावर लाभ होतो. वजन कमी केले तर सर्वत्र होतो. म्हणून शर्यतीच्या मोटारींचा इतिहास हा एका परीने वजन उतरवण्याचाच इतिहास आहे.

या इतिहासातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. 1934 साली ग्रां प्री शर्यतींसाठी असा नियम झाला की, चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचे वजन 750 किलोंपेक्षा अधिक असता कामा नये. मोटारी फार बलवान आणि म्हणून फार धोकादायक होत चालल्या होत्या; वजनावर मर्यादा घातली की इंजिने आपोआप लहान होतील, असा नियम करणाऱ्यांचा तर्क होता. तो पार फसला. जर्मन कारखान्यांनी हलक्या धातूंचे शास्त्र असे काही पुढे नेले की 750 किलोंच्या आतच पूर्वीपेक्षा कितीतरी बलवान गाड्या उभ्या राहिल्या. मर्सिडीझ संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी पुढे सांगितलेली कथा अशी: जून 1934 मध्ये न्यूरबुर्गरिंग येथील शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी एक किलोने जड भरली, तेव्हा रातोरात तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा रुपेरी पत्रा उघडा पडला, त्यावरून ‘रुपेरी बाण’ हे नाव पडले. पुढील संशोधकांनी या कथेवर शंका घेतली आहे, कारण ती विशिष्ट शर्यत वजनमर्यादेच्या नियमाखाली झालीच नव्हती. परंतु कथा खोटी असली तरी तिच्यातील ध्यास खरा होता. एका किलोसाठी रात्र जागवणारी माणसे त्या काळी निर्माण झाली होती, आणि त्यांचा वंश अद्याप खुंटलेला नाही.

आता ज्या धातूने या ध्यासाला नवे साधन दिले त्याकडे वळू. त्याचा शोध लागला तो एका धर्मोपदेशकाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात मॅनॅकन नावाचे खेडे आहे. तेथील ओढ्यातील काळी वाळू विल्यम ग्रेगर या पाद्र्याने 1791 साली तपासली. त्यातील काही कण चुंबकाला चिकटत होते, आणि लोखंड वेगळे केल्यावर उरलेला भाग कोणत्याही परिचित धातूशी जुळत नव्हता. चार वर्षांनी, 1795 मध्ये, बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट यांना दुसऱ्या एका खनिजात हेच मूलद्रव्य स्वतंत्रपणे आढळले. ग्रीक पुराणांतील पृथ्वीपुत्र टायटन यांच्यावरून त्यांनी त्याचे नाव टायटॅनियम ठेवले.

नाव मिळाले, पण धातू हाती येईना. टायटॅनियम दुर्मीळ मुळीच नाही. भूकवचातील विपुल मूलद्रव्यांत त्याचा क्रमांक नववा लागतो. अडचण त्याच्या स्वभावात आहे. तापवले की ते प्राणवायूला, नत्रवायूला, कर्बाला असे घट्ट कवटाळते की सुटता सुटत नाही. लोखंडाप्रमाणे कोळशाबरोबर भट्टीत घालून ते निघत नाही. कोळशातील कर्बच त्याच्याशी संयोग पावतो आणि हाती ठिसूळ ढेकूळ येते. जवळजवळ शुद्ध धातू निघण्यासाठी 1910 साल उजाडावे लागले. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे मॅथ्यू हंटर या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने टायटॅनियमचे क्लोराइड आणि सोडियम पोलादाच्या बंद पात्रात तापवून तो वेगळा केला. विजेच्या दिव्यातील तारेसाठी तो उपयोगी पडेल अशी त्या प्रयत्नामागे आशा होती. ती फळली नाही आणि धातू पुन्हा विस्मृतीत गेला. त्याचे ऑक्साइड मात्र शुभ्र रंग म्हणून बाजारात आले, आणि त्या रंगासाठी आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील काळी वाळू परदेशी जहाजांत भरली जाऊ लागली.

धातूचा खरा उद्धार केला विल्हेल्म क्रोल यांनी. हे लक्झेंबर्गचे रहिवासी. स्वतःच्या घरी उभारलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी 1930 नंतरच्या दशकात टायटॅनियमवर प्रयोग केले आणि अखेर सोडियमऐवजी मॅग्नेशियम वापरण्याची युक्ती सिद्ध केली. पोलादी पात्रात, हवा काढून तिच्या जागी आरगॉन हा उदासीन वायू भरून, वितळलेल्या मॅग्नेशियमवर टायटॅनियमचे क्लोराइड सोडावयाचे; क्लोरीन मॅग्नेशियमकडे जातो आणि सच्छिद्र, स्पंजासारखा टायटॅनियम मागे राहतो. नमुने घेऊन ते अमेरिकेतील कारखानदारांकडे गेले, पण कोणी फारसा रस दाखवला नाही. 1940 च्या आरंभी, नाझी आक्रमणाच्या थोडे आधी, त्यांनी मायदेश सोडून अमेरिका गाठली. त्याच वर्षी त्यांना तेथे पेटंट मिळाले. आणि पुढे युद्धात अमेरिका उतरल्यावर, परकीय मालमत्तेच्या नियमाखाली, तेच पेटंट सरकारने ताब्यात घेतले. ज्या राजवटीच्या भयाने माणूस पळून आला तिच्याच खात्यावर त्याची बुद्धी जमा झाली! सरकारी नियम सरसकट लावला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्यासारख्या प्रशासकाला क्वचितच सापडेल. त्या पद्धतीचा विकास मात्र अमेरिकेच्या खाण खात्याने नेटाने चालवला, आणि 1948 साली ड्युपाँ कंपनीने व्यापारी प्रमाणावर टायटॅनियम काढण्यास आरंभ केला. आजही जगातील बहुतेक टायटॅनियम क्रोल यांच्याच वाटेने निघते. पात्रागणिक, घाणीघाणीने चालणारी ही पद्धत मंद आणि खर्चिक आहे; धातू महाग राहिला तो त्यामुळे.

पहिले गिऱ्हाईक अर्थातच विमानविद्या. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या विमानाची त्वचा हवेच्या घर्षणाने इतकी तापते की ॲल्युमिनियम टिकत नाही. लॉकहीड कंपनीने अमेरिकन गुप्तचर संस्थेसाठी बनवलेले, 1962 साली उडालेले ए-12 आणि त्यामागून आलेले एसआर-71 ही विमाने म्हणून मुख्यतः टायटॅनियमची केली. त्यासाठी लागणाऱ्या धातूचा काही भाग आडमार्गाने चक्क सोव्हिएत संघातूनच मिळवला, असे त्या प्रकल्पाशी संबंधित लोकांनी पुढे सांगितले आहे. ज्याच्यावर टेहळणी करावयाची त्याच्याच घरची सामग्री!

या कामातील एक अनुभव आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. उन्हाळ्यात जोडलेले पंखांचे काही पत्रे लवकर निकामी होत. हिवाळ्यात जोडलेले टिकत. माणसे तीच, यंत्रे तीच. शेवटी उलगडा झाला की उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून नगरपालिका पाण्यात अधिक क्लोरीन घालीत असे, आणि पत्रे त्याच पाण्याने धुतले जात. पुढे शुद्ध केलेले पाणी वापरू लागल्यावर दोष गेला. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्यांनीही असाच घात केला होता. टायटॅनियम हा बलाढ्य धातू खरा, परंतु त्याचे सोवळे फार कडक आहे.

विमानाच्या कारखान्यांतून हा धातू शर्यतीच्या गाडीत उतरणे स्वाभाविकच होते. 1966 पासून फॉर्म्युला वन शर्यतींत तीन लिटरचे इंजिन आणि किमान 500 किलो वजन असा नियम लागू झाला. डॅन गर्नी या अमेरिकन चालकाने त्यासाठी कॅलिफोर्नियात सांता ॲना येथे स्वतःचा कारखाना काढून ‘ईगल’ नावाची गाडी बांधली. तिचे बारा सिलिंडरांचे इंजिन इंग्लंडमधील राय या गावी हॅरी वेस्लेक यांच्या कार्यशाळेत तयार झाले. गाडी देखणी होती, परंतु जड होती. म्हणून चौथी गाडी बांधताना सांगाड्याच्या ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियमचा पत्रा घेतला, आणि पोलादाचे अनेक भाग टायटॅनियमचे केले. जळका वायू नेणाऱ्या नळ्यांचे जुडगेही टायटॅनियमचेच झाले.

18 जून 1967 रोजी बेल्जियममधील स्पा येथे ही गाडी धावली. चौदा किलोमीटरांची ती जुनी फेरी, रानातून आणि खेड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांची, अत्यंत वेगवान आणि निर्दय म्हणून प्रसिद्ध होती. आघाडीवर असलेल्या जिम क्लार्क यांच्या लोटस गाडीला स्पार्क प्लगच्या दोषामुळे थांबावे लागले. गर्नी यांनीही इंधनाचा दाब कमी दिसतो म्हणून क्षणभर थांबून पुन्हा गाडी काढली, जॅकी स्ट्युअर्ट यांना गाठले, आणि एक मिनिटाहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी सुमारे 235 किलोमीटर होता. अमेरिकन चालकाने अमेरिकन गाडीतून युरोपातील ग्रां प्री जिंकल्याला 1921 नंतर हा पहिलाच प्रसंग. विशेष म्हणजे, आदल्याच रविवारी याच गर्नी यांनी ए. जे. फॉइट यांच्या साथीने ल माँ येथील चोवीस तासांची शर्यतही जिंकली होती.

हा विजय टायटॅनियमच्या नळ्यांनी मिळवला असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. परंतु त्या नळ्या तेथे का शोभल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तसे न समजता अनुकरण करणाऱ्यांची फसगत होते. आपल्याकडे आखूडशिंगी, बहुदुधी गाईची गोष्ट आहे. हलका, बळकट, उष्णता सोसणारा, जोडण्यास सोपा आणि स्वस्त असा धातूही त्याच गोठ्यात शोधावा लागेल. निवड करणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत, आणि ते याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: ताप किती? पेट्रोलमध्ये जी ऊर्जा असते तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळक्या वायूबरोबर नळीवाटे बाहेर जातो. पूर्ण जोराने चाललेल्या शर्यतीच्या इंजिनात सिलिंडराच्या तोंडाशी हा वायू 800 ते 950 अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. मागे जाता जाता तो निवतो. टायटॅनियमचा वितळबिंदू 1668 अंश, म्हणजे लोखंडाहूनही वर. यावरून अनेकांचा समज होतो की उष्णतेला तो पोलादाहून सरस असावा. परंतु वितळणे आणि निकामी होणे यांत अंतर आहे. सुमारे 600 अंशांच्या पुढे तो प्राणवायू झपाट्याने शोषू लागतो, वरचा थर कठीण आणि ठिसूळ होतो, आणि धक्क्यांनी त्यात बारीक चिरा पडतात. म्हणून इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या नळ्यांसाठी आज बहुधा निकेलप्रधान मिश्रधातू वापरतात. इन्कोनेल हे त्यातील परिचित नाव. टायटॅनियमची खरी जागा मागे, जेथे वायू काहीसा निवला आहे तेथे.

येथे एक मौज आहे. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला साडेचार ग्रॅम, पोलादाची पावणेआठ ते आठ, आणि इन्कोनेलची जवळजवळ साडेआठ. म्हणजे इन्कोनेल पोलादाहूनही जड. परंतु तापल्यावरही तो बळ सोडत नाही, म्हणून त्याचा पत्रा फार पातळ घेता येतो. पन्नास मिलिमीटर व्यासाची एक मीटर नळी घेऊ. सव्वा मिलिमीटर जाडीच्या पोलादाची केली तर ती दीड किलोच्या वर भरते. एक मिलिमीटर टायटॅनियमची सुमारे 700 ग्रॅम. आणि शून्य दशांश सहा मिलिमीटर इन्कोनेलची सुमारे 800 ग्रॅम. सर्वांत जड धातूची नळी सर्वांत हलक्या धातूच्या नळीच्या जवळ येऊन बसते! सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा शेवटी सर्वांत स्वस्त पडतेच असे नाही, हे आम्हा मंडळींना ठाऊक असते. धातूच्या कोष्टकातील सर्वांत लहान आकड्याविषयीही तेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न: किती काळ टिकावयाचे? स्पाची ती शर्यत एक तास चाळीस मिनिटांत संपली. शर्यतीच्या भागाला काही तासांचे आयुष्य पुरते. नंतर तो तपासता येतो, बदलता येतो. चोवीस तासांच्या शर्यतीत हिशेब बदलतो. रोजच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे धावावयाचे असेल तर तो पुन्हा बदलतो. 2001 साली अमेरिकेच्या कॉर्व्हेट झेड-06 या गाडीत टायटॅनियमचे सायलेन्सर कारखान्यातूनच बसवून आले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत असे प्रथमच घडले. परंतु तेथेही टायटॅनियम आला तो मागच्या बाजूला. त्याने वजन सुमारे आठ किलोंनी उतरले, आणि गंज न लागण्याचा त्याचा गुण फुकट पदरात पडला. मोटारसायकलींच्या जगात स्लोव्हेनियाच्या इगोर अक्रापोविच या जुन्या शर्यतपटूने याच धातूच्या नळ्यांचा मोठा उद्योग उभा केला, हेही येथे नमूद करावयास हवे.

तिसरा प्रश्न: सोबत कोणाची? नळी एकटी नसते. ती कशाला तरी जोडावी लागते. टायटॅनियम आणि पोलाद वितळवून सांधले तर सांध्यात ठिसूळ संयुगे तयार होतात आणि जोड तडकतो. शिवाय तापल्यावर स्टेनलेस पोलाद टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून जाणता कारागीर ही दोन्ही सांधत नाही. एक नळी दुसरीत सैल बसवतो आणि स्प्रिंगांनी धरून ठेवतो, म्हणजे दोघींना आपापल्या परीने वाढण्यास वाव राहतो. टायटॅनियमवर टायटॅनियम घासला तर तो चिकटून ओरखडे पाडतो, याचेही भान ठेवावे लागते. लवचिकतेच्या मापाने तो पोलादाच्या निम्माच ताठ आहे. म्हणून नुसती पोलादाच्या नळीची नक्कल करून भागत नाही, आधार वेगळ्या जागी द्यावे लागतात.

सांधण्याची परीक्षा तर आणखी कठीण. वेल्डिंग करताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आरगॉनचे आवरण हवे. क्रोल यांनी पात्रात भरला तोच हा वायू. सांध्याचा रंग कारागिराची साक्ष देतो. सांधा रुपेरी राहिला तर काम निर्मळ. फिक्या गवती रंगाचा झाला तरी चालेल. निळा दिसला तर शंका घ्यावी. करडा वा पांढरा भुकटीसारखा झाला तर तो कापून टाकावा. वापरात तापलेल्या नळीवर उमटणाऱ्या निळ्या-जांभळ्या छटा निराळ्या. पुष्कळ हौशी लोक त्या छटांवरच भाळून हा धातू घेतात. हौसेला मोल नाही हे खरे, परंतु हौस आणि निवड यांची गल्लत करू नये.

चौथा प्रश्न: वजन कोणत्या जागचे उतरले? आधुनिक फॉर्म्युला वनमध्ये दहा किलो अधिक वजन म्हणजे एका फेरीस सुमारे तीन दशांश सेकंदांचा तोटा, असा ठोकताळा मानतात. परंतु गाडी नियमातील किमान वजनाला आधीच पोहोचली असेल तर? तेव्हा उतरवलेला प्रत्येक किलो वजनाच्या पट्टीच्या रूपाने परत गाडीत ठेवावा लागतो. तरीही लाभ असतो; कारण उंचावर आणि मागे असलेले वजन काढून ते तळाशी, हव्या त्या जागी ठेवता येते. ज्या गाडीत नळी तळाशीच आहे तेथे हा लाभ नगण्य, आणि तोच पैसा टायरांवर किंवा चालकाच्या सरावावर खर्च करणे शहाणपणाचे.

पैशांची चूक पैशांनी भरून येते. हलकेपणाच्या नादात झालेल्या काही चुकांची भरपाई मात्र झाली नाही. 11 जून 1955 रोजी ल माँ येथे पिएर लेव्हे यांची मर्सिडीझ दुसऱ्या गाडीवर आदळून प्रेक्षकांकडे भिरकावली गेली. आघाताने अनेकांचे प्राण गेले. आणि गाडीचे शरीर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने ते पेटले, पाण्याने विझेना, उलट भडकले. चालक आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटारशर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण दिवस. त्यानंतर तेरा वर्षांनी होंडा कंपनीने पुष्कळ मॅग्नेशियम वापरलेली, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी फ्रेंच ग्रां प्रीसाठी आणली. कंपनीचे मुख्य चालक जॉन सर्टीस यांनी ती चालवून पाहिली आणि ती शर्यतीस योग्य नाही असा स्पष्ट अभिप्राय दिला. तरीही 7 जुलै 1968 रोजी रुआँ येथे, पावसात, ती मैदानात उतरली. चालक होते फ्रान्सचे जो श्लेसर. सुरुवातीच्या फेऱ्यांतच गाडी बांधावर आदळून पेटली आणि श्लेसर यांचा अंत झाला. जाणत्याने दिलेला नकार नोंदवला जातो आणि तरीही काम पुढे जाते, ही गोष्ट केवळ शर्यतीच्या मैदानावर घडते असे नाही. म्हणूनच ती मनाला अधिक लागते.

गर्नी यांच्या विजयी गाडीचा सांगाडाही मॅग्नेशियमचाच होता, याचे विस्मरण होऊ देऊ नये. एकाच गाडीत दोन निर्णय एकत्र नांदत होते. नळ्यांसाठी टायटॅनियम घेणे ही हिशेबी धिटाई होती: नळी फुटली तर शर्यत जाईल, माणूस वाचेल. चालकाच्या भोवतीचा पत्रा मॅग्नेशियमचा करणे ही दैवावर टाकलेली भिस्त होती. दैवाने त्या दिवशी साथ दिली. डॅन गर्नी पुढे दीर्घायुषी झाले. 2018 च्या जानेवारीत, 86 व्या वर्षी, ते वारले. वजन उतरवताना ‘हा भाग तुटला तर काय जाईल?’ हा पाचवा प्रश्न म्हणून खरे पाहता पहिल्या चारही प्रश्नांच्या आधी विचारावयास हवा.

आता आपल्या घराकडे एक दृष्टिक्षेप. ग्रेगर यांनी मॅनॅकनच्या ओढ्यात पाहिली तशी काळी वाळू आपल्या किनाऱ्यावर मैलोगणती पसरलेली आहे. केरळातील चवरा, कन्याकुमारी जिल्ह्यातील मनवलकुरिची, ओडिशातील छत्रपूर ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंड या परिसरातही इल्मेनाइट नावाचे हेच खनिज वाळूत मिसळलेले आहे. कोकणातील कित्येकांनी लहानपणी त्या काळ्या वाळूत चुंबक फिरवून त्याला चिकटलेले कण पाहिले असतील. कॉर्नवॉलच्या पाद्र्याने आरंभी याहून फारसे निराळे काही केले नव्हते. वाळूचा व्यवहार आपल्याकडे जुना आहे, परंतु दीर्घकाळ ती कच्ची वा रंगाच्या रूपानेच बाहेर जात राहिली. धातू काढण्याचे शास्त्र हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने सिद्ध केले, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने द्रव्यबळ दिले, आणि 2011 साली चवरा येथे वर्षाला 500 टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजाचा कारखाना सुरू झाला. पद्धत अर्थात क्रोल यांचीच. 1948 च्या आरंभानंतर ही मजल गाठण्यास आपल्याला त्रेसष्ट वर्षे लागली. त्याच 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली ग्रां प्री शर्यत झाली. एकीकडे टायटॅनियम आणि इन्कोनेलच्या जगातील गाड्या दिल्लीजवळ धावत होत्या, आणि दुसरीकडे त्याच धातूची आपली पहिली भट्टी नुकती पेटली होती. हा योगायोग मला फार सूचक वाटतो.

आज पुण्यापासून कोइमतूरपर्यंत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका आसनाच्या लहान शर्यती गाड्या स्वतःच्या हातांनी बांधतात आणि स्पर्धांत उतरवतात. वर्गणी काढून, देणगीदारांचे उंबरे झिजवून उभ्या केलेल्या पैशांत एखाद्या संघाला टायटॅनियमच्या नळीचा मोह पडणे साहजिक आहे. त्यांनी तो अवश्य धरावा. परंतु प्रथम नळीच्या तीन ठिकाणी तापमान मोजावे, तराजूवर पोलादाचे भाग ठेवून पाहावेत, सांधा कोण मारणार आणि त्याचा रंग कोण तपासणार हे ठरवावे. एवढे करून उत्तर ‘पातळ पोलाद’ असे आले तर त्यात कमीपणा नाही. आणि उत्तर ‘टायटॅनियम’ असे आले, तर तो धातू त्यांनी ओळखून निवडला असे होईल.

तात्पर्य, हलकेपणा हा मोठा गुण खरा, परंतु तो स्वयंभू नाही. कोठे भार ठेवावयाचा हे ज्याला कळते त्यालाच कोठे तो उतरवावयाचा हे कळते. विल्यम ग्रेगर यांच्या चिमूटभर वाळूपासून स्पाच्या रस्त्यापर्यंत टायटॅनियमने जो प्रवास केला त्यात तो धातू बदलला नाही. बदलत गेली ती त्याला योग्य जागी बसवण्याची माणसाची समज. मोटारीच्या मागच्या नळीपुरतीच ही समज मर्यादित राहावी, असे मला वाटत नाही.